अमेरिकेसाठी बांधलेली इटालियन सुपरकारही अस्सलच

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

जुन्या इटालियन सुपरकारच्या लिलावांविषयी आणि संग्रहांविषयी वृत्तपत्रांतून जे लेखन येते, त्यात एक वाक्य निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा वाचायला मिळते: गाडी देखणी आहे, परंतु ती अमेरिकन आवृत्ती असल्यामुळे तितकीशी अस्सल नाही. या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. गाडी कोणत्या देशाच्या नियमांनुसार बांधली गेली हा एक प्रश्न आहे, आणि ती कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच आज आहे का, हा दुसरा. अस्सलपणाचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी आहे, पहिल्याशी नाही. ही चूक केवळ लिहिण्याबोलण्यापुरती राहिली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. परंतु तिच्यामुळे चांगल्या, हात न लागलेल्या गाड्यांचे मूळ भाग काढून टाकले जातात, त्यांच्या जागी दुसऱ्या देशाच्या आवृत्तीचे भाग बसवले जातात, आणि अशा गाडीला ‘मूळ रूपात आणलेली’ असे प्रशस्तिपत्र दिले जाते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मारानेल्लो येथील फेरारी, सांतागाता बोलोनेसे येथील लॅम्बोर्गिनी, मोडेना येथील मासेराती आणि डी तोमासो हे सगळे कारखाने इटलीच्या एकाच टापूतले. त्यांचे उत्पादन मोठ्या कंपन्यांच्या मानाने अत्यल्प होते, पण गिऱ्हाईक मात्र जगभर विखुरलेले होते, आणि प्रत्येक देशाचा कायदा वेगळा होता. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळ्या प्रकाशाचे हेडलाइट लावावे लागत. स्वित्झर्लंडमध्ये आवाजाची मर्यादा कडक होती. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांना स्टिअरिंग उजव्या बाजूला हवे होते. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून वाहन सुरक्षेचे संघराज्य मानदंड लागू झाले आणि त्यांच्यामागोमाग १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुराविषयीचे नियम उत्तरोत्तर कठोर होत गेले; कॅलिफोर्नियाने तर स्वतःचे त्याहून कडक नियम केले. मडगार्डच्या कडेला बसवलेले पिवळे आणि लाल साइड मार्कर दिवे, ठरावीक प्रकारचे सीलबंद हेडलाइट, १९७३ च्या मॉडेलपासून ताशी ५ मैलांची धडक सोसू शकणारे बंपर, १९७५ च्या सुमारास आलेले, धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि १९७९ नंतर काही काळ ८५ मैलांच्या पुढे आकडेच नसलेले स्पीडोमीटर, अशी ही वाढत जाणारी यादी होती. कारखान्यांना तिचा विचार गाडीच्या आराखड्यापासूनच करावा लागला, कारण अमेरिका हे त्यांचे अतिशय मोठे गिऱ्हाईक होते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे फेरारीची ३६५ जीटीबी/४, जिला सगळे डेटोना म्हणून ओळखतात. १९६८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा तिच्या नाकावर आडवी पारदर्शक प्लेक्सिग्लासची पट्टी होती आणि तिच्यामागे हेडलाइट बसवलेले होते. अमेरिकेच्या नियमांत असे झाकलेले दिवे बसत नव्हते. म्हणून वर उघडणारे, एरवी बॉनेटमध्ये दडलेले हेडलाइट योजले गेले, आणि पुढे तेच इतर देशांत विकल्या जाणाऱ्या डेटोनांनाही आले. म्हणजे युरोपातल्या गिऱ्हाइकाने १९७२ मध्ये घेतलेल्या डेटोनाचा चेहरा अमेरिकी कायद्याने घडवलेला आहे. उद्या एखाद्याने अशा गाडीला आधीची प्लेक्सिग्लासची पट्टी बसवली, तर गाडी ‘अधिक युरोपीय’ दिसेल, काहींच्या मते अधिक सुंदरही दिसेल, पण ती तिच्या चासी क्रमांकाशी, म्हणजे कारखान्याने तिच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाशी, प्रामाणिक राहणार नाही.

या विषयावरचा खरा वाद मात्र लॅम्बोर्गिनी काउंटाशवरून होतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मार्चेल्लो गांदिनी यांनी बेर्तोनेसाठी रेखाटलेली ही गाडी १९७१ मध्ये जिनिव्हात प्रथम दिसली आणि १९७४ पासून एलपी ४०० या नावाने गिऱ्हाइकांच्या हाती पडू लागली. तिचे सौंदर्य एका सलग, पाचरीसारख्या रेषेत आहे. १९८५ मध्ये तिची ५१६७ सीसीची, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेली क्वात्रोवाल्वोले ही आवृत्ती आली. युरोपीय गाडीला हवा आणि इंधन यांचे मिश्रण करणारे सहा वेबर कार्ब्युरेटर होते आणि ते इंजिनाच्या डोक्यावर उभे बसवलेले असल्यामुळे इंजिनाच्या झाकणाला मोठा उंचवटा द्यावा लागला. मागे पाहण्याची मुळातच कमी असलेली सोय त्याने आणखी कमी झाली. ही गाडी ४५५ अश्वशक्तीची होती. अमेरिकेसाठी त्याच इंजिनाला बॉशची के-जेट्रॉनिक ही फ्युएल इंजेक्शन (इंधन दाबाने फवारणारी) यंत्रणा देण्यात आली. शक्ती ४२० अश्वशक्तीच्या आसपास उतरली, पण झाकणावरचा उंचवटा गेला आणि मागची बाजू पुन्हा सपाट झाली. जोडीला पुढे आणि मागे नियमानुसार बंपर आले. ते कुरूप होते यात शंका नाही. गांदिनींच्या रेषेवर पुढच्या बंपरने जो आघात केला, त्याचे समर्थन मी करणार नाही.

परंतु कुरूप असणे आणि खोटे असणे यांत फार अंतर आहे. अमेरिकेसाठीची इंजेक्शनची क्वात्रोवाल्वोले सांतागाताच्या कारखान्यातच बांधली गेली, तिथल्याच कामगारांनी बांधली. तिच्यासाठी लॅम्बोर्गिनीच्या अभियंत्यांनी इंजिनाच्या हवा आणि इंधन घेण्याच्या व्यवस्थेचा नव्याने विचार केला, आणि एका छोट्या, सतत आर्थिक ओढाताणीत असलेल्या कंपनीने जगातल्या सर्वांत अवघड बाजारपेठेची रीतसर मान्यता त्या गाडीच्या बळावर मिळवली. कंपनीच्या इतिहासात याला मोठे स्थान आहे. आता अशा गाडीतून इंजेक्शन काढून वेबर कार्ब्युरेटर बसवायचे, त्यासाठी इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळ्यांचा जुडगा (मॅनिफोल्ड) बदलायचा, उंचवट्याचे झाकण आणायचे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचे, बंपर उतरवून त्यांची भोके बुजवायची, साइड मार्करच्या जागा भरून रंग द्यायचा, एवढे सारे केल्यावर जे हाती येते, ती १९८५ ची युरोपीय काउंटाश नसते. ती एक बदललेली अमेरिकन काउंटाश असते. मालकाने आपल्या गाडीत आपल्या आवडीचे बदल करावेत की नाही हा त्याचा अधिकार आहे, आणि कार्ब्युरेटरचा आवाज व प्रतिसाद वेगळा असतो हेही खरे आहे. आक्षेप आहे तो त्या बदलाला अस्सलपणाचे नाव देण्याला.

येथे ‘नंबर जुळतात’ या लोकप्रिय कसोटीविषयी बोलणे भाग आहे. चासीवरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळला की गाडी निर्दोष, अशी समजूत सर्रास आढळते. वर वर्णन केलेल्या काउंटाशमध्ये हे दोन्ही क्रमांक अचूक जुळतील, कारण इंजिनाचा ठोकळा बदललेलाच नाही. बदलले आहे ते त्याच्याभोवतीचे सारे काही. क्रमांक जुळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही, आणि ती पुरेशी मानली जाते तिथेच प्रादेशिक आवृत्त्यांचे सर्वाधिक नुकसान झालेले आहे.

फेरारीच्या बाबतीत निदान १९८० च्या दशकापासून एक सोय आहे. सतरा अक्षरांचा वाहन क्रमांक आल्यानंतर त्यातले आठवे अक्षर गाडी कोणत्या बाजारपेठेसाठी बांधली हे सांगते: अमेरिकेसाठी ‘ए’, युरोपातील डाव्या स्टिअरिंगसाठी ‘बी’, ब्रिटनच्या उजव्या स्टिअरिंगसाठी ‘सी’, स्वित्झर्लंडसाठी ‘एस’. टेस्टारोसा असो वा एफ ४०, हे एक अक्षर पाहिले की निम्मा वाद तिथेच मिटतो. युरोपीय म्हणून जाहिरात केलेल्या गाडीच्या क्रमांकात आठवे अक्षर ‘ए’ असेल, तर बंपर आणि दिवे कोणत्याही रूपाचे असोत, ती अमेरिकेसाठी जन्मलेली गाडी आहे. त्याआधीच्या चार किंवा पाच आकडी क्रमांकांच्या गाड्यांसाठी मात्र कारखान्याच्या नोंदी, पहिल्या विक्रीची कागदपत्रे आणि जुनी छायाचित्रे यांचाच आधार घ्यावा लागतो.

प्रादेशिक आवृत्ती म्हणजे अमेरिकेसाठी केलेली तडजोड, हे गृहीतकही तपासून पाहावे. प्रत्यक्ष इटलीत काय विकले जात होते ते पाहिले तर ते टिकत नाही. त्या काळी इटलीत २००० सीसीहून मोठ्या इंजिनाच्या गाडीवर मूल्यवर्धित कर जवळजवळ दुप्पट होता. परिणामी इटालियन कारखान्यांना आपल्याच देशबांधवांसाठी लहान इंजिनाच्या खास आवृत्त्या काढाव्या लागल्या. लॅम्बोर्गिनीने उर्राकोची १९९४ सीसीची पी २०० काढली, मासेरातीने मेराकची २००० जीटी काढली, आणि फेरारीने आठ सिलिंडरांचे इंजिन १९९१ सीसीपर्यंत आक्रसून २०८ ही मालिका आणली. १९८० ची २०८ जीटीबी अवघी १५५ अश्वशक्तीची होती. दिसायला ती फेरारीची तीन लिटरची ३०८, चालायला मात्र बरीच संथ. ती कोणी बाहेरच्या सरकारने फेरारीवर लादली नव्हती. ती रोमच्या करखात्यामुळे जन्मली होती.

आणि पुढची गोष्ट तर या सगळ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या अशक्त २०८ ला जोर देण्यासाठी फेरारीने १९८२ मध्ये तिला इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बोचार्जर बसवला आणि शक्ती २२० अश्वशक्तीवर नेली. रस्त्यावर चालणारी फेरारीची ही पहिली टर्बो गाडी. दोनच वर्षांनी दोन टर्बोंची २८८ जीटीओ आली आणि १९८७ मध्ये एफ ४०. ज्या गाड्यांपुढे आज सारे नतमस्तक होतात, त्यांच्या आधी मारानेल्लोच्या रस्त्यावरच्या गाड्यांत टर्बो आला तो एका देशाच्या करप्रणालीपायी बनलेल्या प्रादेशिक आवृत्तीत. २०८ मधले इंजिन काढून तिथे ३०८ चे तीन लिटरचे इंजिन बसवणे कोणाला सुधारणा वाटत असेल, तर त्याने या इतिहासाचा एक दुवाच उखडून टाकलेला असतो.

अमेरिकन आवृत्ती म्हणजे नेहमी दुबळे इंजिन, हेही सर्वत्र खरे नाही. मासेराती बोरा १९७१ मध्ये ४.७ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनासह आली. अमेरिकेसाठी मात्र धुराच्या नियमांनी जाणारी शक्ती भरून काढायला ४.९ लिटरचे मोठे इंजिन दिले गेले, आणि पुढे तेच इंजिन इतर देशांतल्या बोरांमध्येही आले. डी तोमासो पँटेराचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिच्यात फोर्डचे ३५१ क्लीव्हलँड हे ५.८ लिटरचे अमेरिकन इंजिन होते, तिच्यामागे फोर्डचे भांडवल होते, आणि १९७१ ते १९७४ या काळात ती अमेरिकेत लिंकन-मर्क्युरीच्या विक्रेत्यांकडून विकली गेली. एकूण बनलेल्या सुमारे सात हजार पँटेरांपैकी पाच हजारांहून अधिक त्या काही वर्षांत अमेरिकेत गेल्या. बहुसंख्य गाड्या एका देशात गेल्या असताना उरलेल्या थोड्या गाड्यांना मूळ आणि त्या बहुसंख्य गाड्यांना अपवाद म्हणणे कोणत्या हिशेबाने योग्य ठरते? तरीही १९७२ मधल्या पँटेरा एल या आवृत्तीचे मोठे काळे बंपर काढून आधीच्या बारीक क्रोमच्या पट्ट्या बसवणे ही जणू पहिली दुरुस्ती मानली जाते. न बदललेली, काळ्या बंपरची पँटेरा एल म्हणूनच आता जपून ठेवण्यासारखी झाली आहे.

आता या युक्तिवादाची दुसरी बाजू. प्रत्येक अमेरिकन रूपातली गाडी कारखान्यानेच त्या रूपात घडवली असे नाही. फेरारीची ३६५ जीटी४ बीबी, ५१२ बीबी आणि नंतरची २८८ जीटीओ या गाड्या कंपनीने अमेरिकेत अधिकृतपणे विकल्याच नाहीत. पण त्यांना तिथे मागणी प्रचंड होती आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात डॉलरही भक्कम होता. मग युरोपात विकत घेतलेल्या गाड्या खासगी आयातदार जहाजाने नेत आणि तिथल्या कार्यशाळांमध्ये त्या नियमांत बसवून घेत. याला ग्रे मार्केट म्हणत. दारे उघडून आत धडकरोधक लोखंडी पट्ट्या जोडल्या जात, बंपरांमागे आधार दिले जात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि हवेचे पंप बसवले जात, साइड मार्करसाठी पत्र्याला किंवा फायबरला भोके पाडली जात. काही कार्यशाळांचे काम नीटनेटके होते, काहींचे पाहवत नाही असे होते. याच रस्त्याने गेलेल्या आधीच्या अनेक काउंटाशांवरही असे बंपर आढळतात, आणि ते सांतागाताचे नसतात.

अशा गाड्यांना वेगळा न्याय लावला पाहिजे. मारानेल्लोतून युरोपीय रूपात बाहेर पडलेली ५१२ बीबी पुन्हा त्या रूपात नेणे हे प्रामाणिक पुनरुज्जीवन आहे, कारण तिथे कारखान्याचे काम झाकणारे परके काम दूर होते. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने अशी आयात जवळजवळ बंद केली, पण २५ वर्षांहून जुन्या गाड्यांना सुरक्षा मानदंडांतून सूट मिळते, म्हणजे ते पूर्वीचे बदल टिकवण्याची कायदेशीर सक्तीही आता राहिलेली नाही. तरीसुद्धा माझे मत असे आहे की काढलेला प्रत्येक भाग, त्या कार्यशाळेची बिले आणि मान्यतेची कागदपत्रे गाडीबरोबर जपली जावीत. दाराच्या आत जोडलेली पट्टी कापून काढताना मूळ पत्र्याला इजा होणार असेल, तर ती पट्टी राहू द्यावी. ते काम परके असले तरी त्या गाडीच्या आयुष्यात घडलेले आहे.

ग्रे मार्केटच्या गाड्यांत एका भागाकडे मात्र कोणी पुरेसे लक्ष देत नाही, आणि तो भाग म्हणजे स्पीडोमीटर. किलोमीटरचा स्पीडोमीटर काढून मैलांचा बसवला की त्याच्यातला ओडोमीटरही बदलतो, आणि गाडी तोवर किती चालली याची नोंद तिथे तुटते. गाडी काही वर्षांनी युरोपात परतली की पुन्हा किलोमीटरचा मापक बसवला जातो आणि नोंद दुसऱ्यांदा तुटते. मग लिलावाच्या पुस्तिकेत अठरा हजार हा आकडा दिसतो, पण ते मैल की किलोमीटर, आणि कोणत्या मापकावरचे, हे सांगणारा एकही कागद सोबत नसतो. कमी चाललेली गाडी म्हणून तिला अधिक भाव मिळतो. बंपरांवर आणि दिव्यांवर पाने भरून चर्चा करणारे जाणकारही या तुटलेल्या नोंदीविषयी गप्प राहतात, ही मला गंभीर उणीव वाटते. बदललेला मूळ मापक जपून ठेवलेला असणे आणि बदलाच्या दिवशीचा आकडा लिहून ठेवलेला असणे, हे गाडीच्या नव्या रंगापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

एफ ४० च्या निमित्ताने आणखी एक बारकावा नोंदवतो. सुरुवातीच्या युरोपीय एफ ४० ना खिडक्या सरकत्या प्लॅस्टिकच्या होत्या, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हते. नंतरच्या युरोपीय गाड्यांना वरखाली होणाऱ्या खिडक्या आल्या, कन्व्हर्टरही आले. याचा अर्थ ‘युरोपीय एफ ४०’ असे एकच रूप मुळात नाहीच. अमेरिकेला २१३ गाड्या गेल्या. युरोपीय गाडीत इंधनासाठी शर्यतीच्या गाडीप्रमाणे रबरी पिशव्या होत्या, ज्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात आणि त्याचा खर्च मोठा असतो. अमेरिकन गाडीत ॲल्युमिनियमच्या टाक्या होत्या. युरोपीय गाड्यांचे काही मालक आता सोयीसाठी ॲल्युमिनियमच्या टाक्या बसवून घेतात. म्हणजे सोयीचे असेल तेव्हा अमेरिकन भाग चालतो आणि दिसण्यात खटकतो तेव्हा तोच अनधिकृत ठरतो. या दोन्ही बदलांना एकच माप लावले जावे, इतकीच अपेक्षा आहे. त्यानंतरच्या ३४८ मध्ये अमेरिकेसाठी आपोआप सरकणारे सीटबेल्ट होते. ते कोणालाच आवडले नाहीत आणि पुष्कळ गाड्यांमधून गेले. नावडते असले तरी १९९० च्या सुमारास त्या देशाने प्रवाशांच्या संरक्षणाचा विचार कसा केला, याचा तो पुरावा होता.

उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांविषयी थोडक्यात. कारखान्याने उजव्या बाजूला स्टिअरिंग देऊन बांधलेल्या डेटोना १५८ आहेत. डाव्या स्टिअरिंगची गाडी नंतर कार्यशाळेत बदलून घेतलेली असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे, आणि येथे ब्रिटनमधील व ऑस्ट्रेलियातील जाणकार हा भेद अतिशय काटेकोरपणे पाळतात. तोच काटेकोरपणा बंपर, इंजेक्शन आणि दिवे यांच्या बाबतीत का पाळला जाऊ नये, हे मला उमगत नाही.

या साऱ्यावर एक योग्य आक्षेप घेतला जातो. हे कारखाने हाताने काम करत; एकाच महिन्यात बांधलेल्या दोन गाड्याही तंतोतंत सारख्या नसत; पुरवठादाराचा माल संपला की हाताशी असेल तो दिवा, तो आरसा, ती कळ बसवली जाई. मग मूळ रूप ठरवायचे तरी कशावरून? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे. टेस्टारोसाच पाहा. १९८४ च्या सुरुवातीच्या गाड्यांना एकाच बाजूला, खिडकीच्या खांबावर उंच बसवलेला आरसा होता आणि चाके मध्यभागी एकाच नटाने घट्ट केलेली होती. पुढे आरसे दोन झाले, खाली आले, आणि चाकांना पाच बोल्ट आले. युरोपसाठी ३९० अश्वशक्ती, अमेरिकेसाठी ३८०, ही तफावत वेगळीच. गाड्या जितक्या एकमेकींपासून भिन्न, तितके एका आदर्श नमुन्याकडे पाहून सगळ्यांना तसे करणे अधिक चुकीचे. प्रत्येक गाडीचा निवाडा तिच्या स्वतःच्या कागदपत्रांवरूनच झाला पाहिजे, आणि त्या कागदपत्रांत पाठवणीचा देश ही पहिल्या काही नोंदींपैकी एक असते.

कारखान्यांनीही आता ही जबाबदारी उचलली आहे. फेरारीचा क्लासिके विभाग आणि २०१५ मध्ये सुरू झालेला लॅम्बोर्गिनीचा पोलो स्तोरिको विभाग जुन्या नोंदी तपासून गाडीला प्रमाणपत्र देतात. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिने तयार केलेली ट्युरिन सनद तर जीर्णोद्धारापेक्षा जतनाला प्राधान्य देते, शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा आणि केलेल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी असे सांगते. या भूमिकेतून पाहिले तर, अमेरिकन काउंटाशचे बंपर उतरवायचेच असतील तर ते उतरवून भिंतीवर टांगून ठेवावेत, भोके बुजवू नयेत, इंजेक्शनची सारी यंत्रणा खोक्यात भरून गाडीच्या क्रमांकासह जपावी, म्हणजे पुढच्या मालकाला परतीची वाट मोकळी राहील. असे भाग आज कवडीमोल समजून टाकले जातात, आणि ते पुन्हा कोणी बनवणार नाही. कार्ब्युरेटर अजून बनतात. अमेरिकेसाठीच्या काउंटाशचा मूळ बंपर बनत नाही.

किमतीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण त्यानेच ही सारी उलथापालथ घडवली. युरोपीय रूपाला अधिक भाव मिळतो म्हणून अमेरिकन गाडी बदलली जाते. गिऱ्हाइकाने कशाला किती पैसे द्यावेत हे कोणी ठरवू शकत नाही, आणि कार्ब्युरेटरच्या, बंपरविरहित काउंटाशला कोणी अधिक पैसे मोजत असेल तर त्याची आवड समजण्यासारखी आहे. पण तो पैसा मूळच्या युरोपीय गाडीसाठी आहे की नंतर तसे रूप दिलेल्या गाडीसाठी, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. वृत्तपत्रातली बातमी वाचून मत बनवणाऱ्या वाचकालाही ते ठाऊक असले पाहिजे.

म्हणून आपणांस विनंती आहे की अशा गाड्यांविषयी मजकूर छापताना गाडी कोणत्या देशासाठी बांधली गेली, ती आज त्याच रूपात आहे का, आणि नसल्यास बदल कारखान्याने केले, आयातदाराने केले की नंतरच्या मालकाने, एवढी माहिती तरी दिली जावी. विक्रेत्याकडून ती मिळत नसेल तर मिळाली नाही असे लिहावे. आणि कारखान्याने अमेरिकेसाठीच बांधलेल्या, आजवर तशीच राखलेल्या गाडीच्या वर्णनातून ‘अमेरिकन असूनही’ हे दोन शब्द कृपया वगळावेत.

आपला विश्वासू,
एक वाचक